भुऱ्याला पुरायचं कुठं? केळापूर तालुक्यातलं एक प्रकरण

घरचं कुत्रं गेलं की पहिला प्रश्न येतो तो जागेचा. अंगणात पुरायचं, शेतात पुरायचं, की नाल्यात टाकून यायचं? पशुवैद्यक म्हणून मला त्याआधी विचारावंसं वाटतं, की ते गेलं कशानं? म्हातारपणानं गेलेल्या कुत्र्याला चालणारी जागा विष खाऊन गेलेल्याला चालेलच असं नाही, आणि पिसाळून गेलेल्याच्या बाबतीत तर खड्डा खणण्याआधी घरातल्या माणसांची चौकशी करावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या एका खेड्यात घडलेलं हे प्रकरण त्यासाठीच सविस्तर लिहितो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही.

भुऱ्या गावठी नर. वय नऊच्या आसपास, वजन अठरा-वीस किलो. घर गावाच्या टोकाला, शेताला लागून. घरात सत्तरी ओलांडलेले काकाजी, त्यांची बायको, मुलगा, सून आणि सातवीतली नात. शेतात पऱ्हाटी (कापूस), सोयाबीन, तूर. रानडुकरांचा त्रास एवढा की पिकाच्या दिवसांत काकाजी रात्री जागलीला शेतात जात आणि भुऱ्या त्यांच्यासोबत माळ्याखाली, म्हणजे मचाणाखाली, बसे. डुकरांचा कळप धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आला की काकाजींच्या आधी तो उठायचा. त्या घरात तो कुत्रा म्हणून कमी आणि जागलीचा जोडीदार म्हणून जास्त वागवला जायचा. पुढं जे झालं ते समजायला एवढं माहीत असणं पुरेसं आहे.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मुलाचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, भुऱ्या थरथरू राह्यला, तोंडातून फेस येऊ राह्यला. पिसायला का काय?"

मी पोचलो तेव्हा तो गोठ्यात आडवा पडला होता. तोंडातून सारखी लाळ, उलट्या, पातळ संडास, सगळ्या अंगाचे स्नायू फडफडत होते. गोठ्यात अंधार होता, तरी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आक्रसलेल्या. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. ती अशी आक्रसलेली दिसली आणि सोबत लाळ, जुलाब आणि थरथर असली, तर पहिला संशय ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाचा. त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं, थोडं शिरेतून, बाकीचं कातडीखाली. पण विष पोटात जाऊन बराच वेळ झाला होता. श्वासनलिका पाण्यानं भरत चालल्या होत्या. अर्ध्या तासात तो गेला.

उलटीत अर्धवट विरघळलेली कणीक होती, गुळाचा वास होता, आणि त्यात करडे-काळे दाणे. सुनेनं सांगितलं, की पोळ्याची पुरणपोळी त्यानं रात्री तशीच ठेवली आणि जागलीवरून नेहमीपेक्षा लवकर परत आला. बाजूच्या धुऱ्यावर कुणीतरी डुकरांसाठी गोळे ठेवले होते, हे तासाभरात गावाला माहीत झालं. कणकेच्या गोळ्यात दाणेदार फोरेट घालायची ही जुनी, घातक रीत. गावात त्या औषधाला सरसकट थिमेट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत फोरेट सगळ्यात वरच्या, म्हणजे अत्यंत घातक गटात मोडतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्याकडं त्यावर पूर्ण बंदी आहे. तरी कुणाच्या कोठीत जुनं पुडकं निघतं, आणि निघालं की ते कुणाच्या तरी जिवावर उठतं. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. इथल्या माणसाला या औषधांचा धाक नव्यानं शिकवायला नको.

मुलाच्या डोक्यातून 'पिसायला' (पिसाळला) हा शब्द जात नव्हता, म्हणून आधी तोच निकाली काढला. रेबीज काही तासांत मारत नाही. वागणं बदलतं, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, मागचे पाय ओढले जातात, आणि लक्षणं दिसल्यापासून कुत्रं काही दिवसांत, बहुधा दहा दिवसांच्या आत मरतं. भुऱ्या आदल्या संध्याकाळपर्यंत नीट होता. कुणाला चावला नव्हता, दरवर्षीची लस वेळेवर झालेली होती, आणि पोटातला माल समोर पडलेला होता. घरच्या कुणाला लस घ्यायची गरज नव्हती.

गरज असती तर? हे लिहून ठेवतो, कारण अशा सकाळी लोक याच जागी गोंधळतात. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याची लाळ खरचटलेल्या कातडीवर, जखमेवर, डोळ्यात किंवा तोंडात गेली असेल, तर खड्डा नंतर. आधी ती जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. तिथं कातडीतली लस पहिल्या दिवशी, आणि तो दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात, आणि जखमेच्या प्रकारानुसार इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. अशा कुत्र्याला घरच्यांनी कापायचं नाही, उघड्या हातानं उचलायचं नाही, आणि मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही. निदानासाठी मेंदूचा नमुना घ्यायचा की नाही हे पशुवैद्यक ठरवतो.

आता भुऱ्याकडं. मुलाचं म्हणणं होतं की गावात सगळे करतात तसं नाल्यापलीकडं टाकून येऊ. तो निर्दय नव्हता. बाप रडत बसलेला पाहवत नव्हता म्हणून त्याला ते लवकर उरकायचं होतं. काकाजींना तो अंगणातल्या निंबाखालीच हवा होता. "नाल्यात फेकाले तो काय मेलेलं ढोर हाय? मायासंगं जागला तो. मले तो अंगणातच पाह्यजे." सून शांतपणे म्हणाली, "मामाजी, पन विहीर किती जवय हाय निंबाच्या." आणि काकाजींच्या बायकोनं एक वेगळीच गोष्ट मांडली: "दत्ताचं कुत्रं हाय ते. उघड्यावर टाकू नोका." माहूरचा दत्तशिखर जवळ असल्यानं या भागात दत्ताची भक्ती घरोघरी आहे, आणि दत्ताच्या पायाशी कुत्री असतात हे लहान पोरालाही माहीत असतं. त्यांच्या वाक्याचा उपयोग झाला. मुलानं नाल्याचा विषय सोडला.

नाला का चालत नव्हता, याचं कारण भक्तीपलीकडंही होतं. पोटात फोरेट असलेलं प्रेत उघड्यावर टाकणं म्हणजे दुसरा गोळाच ठेवणं. त्यावर कावळे येतात, घारी येतात, गावची मोकाट कुत्री, कोल्हे, तरस येतात. टिपेश्वरच्या बाजूचे नाले म्हणजे वन्यप्राण्यांच्या ये-जा करायच्या वाटा. एका विषारी प्रेतावर जेवढे जीव जेवतील तेवढे त्या रात्री धोक्यात. विष घालून डुकरं मारण्यातला मोठा अनर्थ हाच आहे. गोळा ठेवणाऱ्याला तो कुणी खाल्ला हे कळतं, पुढं खाणाऱ्याला कुणी खाल्लं हे कधीच कळत नाही.

निंबाखालची जागाही मला मान्य नव्हती. विहीर तिथून पंधरा-वीस फुटांवर, घराचं पिण्याचं पाणी तिचंच. दिवस ऐन पावसाळ्याचे, विहिरीत पाणी वर आलेलं. साधारण नियम असा धरावा, की पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान पन्नास मीटर, म्हणजे दीडशेहून जास्त फूट, सोडावेत. साध्या मृत्यूतही हे पाळावं, आणि इथं तर आतड्यात असं विष होतं ज्याची मोडतोड होताना तयार होणारे पदार्थही विषारी असतात आणि पाण्यासोबत सरकू शकतात. काकाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मंग कोठी? डोयाले दिसन अशी जागा सांगा."

जागा शोधायला आम्ही चौघं वाडीत हिंडलो, आणि या प्रकरणातला खरा अवघड भाग इथंच आला. विहिरीच्या खालच्या अंगाला काळी कसदार जमीन. उतार विहिरीपासून दूर जाणारा, त्यामुळं पाण्याच्या दृष्टीनं बरी. पण काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. खड्ड्यात डबकं होतं, आणि साचलेल्या पाण्यात हवा नसल्यानं शरीर नीट कुजत नाही. तीच माती उन्हाळ्यात आकसून उभ्या भेगा पाडते. विदर्भातल्या शेतकऱ्यानं चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाहिलेल्या असतात, खोल जमिनीत त्या दोन-तीन फुटांपर्यंतही जातात. भेग खोल गेली की वास वर येतो, आणि वास आला की उकरणारं जनावर येतं. मी तरी तिथं एक खड्डा घेऊन पाहायला सांगितला, कारण दिसतं तसं प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही. तीन फुटांवर बाजूनं पाणी पाझरायला लागलं. तो बुजवला.

वरच्या अंगाला बरड, म्हणजे हलकी खडकाळ जमीन, खाली मुरूम. पाण्याचा निचरा चांगला, भेगा नाहीत. पण तिथला उतार विहिरीकडं. मुरमातून पाणी लवकर झिरपतं, त्यामुळं वरून खाली विहिरीपर्यंत काय वाहून येईल याची खात्री देता येत नव्हती.

वाट काकाजींनी काढली. बरडाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी काठीनं दाखवलं, की इथून अलीकडचं पावसाचं पाणी विहिरीकडं येतं आणि त्या बोरीच्या झाडापलीकडचं सगळं दुसऱ्या बाजूला, पडीक धुऱ्याकडं जातं. चाळीस-पन्नास पावसाळे त्या जमिनीवर काढलेल्या माणसाचं ते ज्ञान होतं. त्या बाजूला ना विहीर, ना बोअर, ना कुणाची भाजी. बोरीपलीकडं, माथ्याच्या दुसऱ्या उताराला जागा ठरली. विहिरीपासून पावलांनी मोजली, दोनशे फुटांहून जास्त भरली. अंगणातून बोर दिसते. काकाजींची अटही राहिली.

खणण्याआधी एक गोष्ट विचारणं माझं काम होतं: पोलिसांत तक्रार द्यायची का? द्यायची तर आधी पंचनामा, शवविच्छेदन, आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडं. पुरल्यानंतर हा पुरावा जवळजवळ संपतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालून मारणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण त्यात नुकसान करण्याचा हेतू किंवा निदान तशी जाणीव दाखवावी लागते, आणि गोळा ठेवणारा म्हणणार की तो डुकरांसाठी होता. डुकरांसाठी असला तरी विष घालणं बेकायदाच आहे, तो वनखात्याचा विषय होतो. हे सगळं मी दोन्ही बाजूंनी सांगितलं. मुलाला तक्रार करायची होती, आवाज चढला होता. काकाजी म्हणाले, "त्याले फाडू नोका. मले त्याच्या अंगावर सुरी नाही पाह्यजे." निर्णय घरचा होता आणि तो त्यांनी घेतला. म्हणून या प्रकरणातलं निदान लक्षणांवर आणि उलटीतल्या मालावर उभं आहे, प्रयोगशाळेच्या अहवालावर नाही.

खड्डा मुलानं आणि शेजारच्या दोघांनी टिकास, सब्बल आणि पावड्यानं खणला. दोन फुटांनंतर मुरूम लागला, मग काम मंदावलं. खोली साडेचार फूट घ्यायला लावली. हिशेब सोपा आहे: कुत्र्याच्या अंगाच्या वर निदान तीन फूट माती राहिली पाहिजे. दोन-अडीच फुटांत उरकलेला खड्डा रानडुक्कर एका रात्रीत उघडतं. लांबी चार फुटांपेक्षा थोडी जास्त लागली, कारण शरीर ताठलं होतं. एरवी कुत्रं गेल्यावर ताठरपणा यायला काही तास जातात, तेवढ्यात पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखं ठेवलं तर लहान खड्डा पुरतो. मरण्याआधी झटके आले असतील तर अंग फार लवकर ताठतं. तेव्हा ओढून पाय मोडू नयेत, खड्डाच मोठा करावा.

उचलणाऱ्यांनी रबरी हातमोजे घातले. थूथन आणि मागचा भाग ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं त्याच्यासोबतच ठेवलं. पट्टा नायलॉनचा होता, तो काढून घेतला. मुलानं खताची प्लास्टिकची पोती आणली होती, ती परत पाठवली. प्लास्टिकमध्ये शरीर वर्षानुवर्षं तसंच सडत राहतं. काकाजींचं जुनं सुती धोतर निघालं, त्यात गुंडाळलं. गोठ्यातली उलटी आणि लाळ पडलेली जमीन मी विसरू दिली नाही. त्यावर राख आणि कोरडी माती टाकून सगळं खरवडून घमेल्यात भरलं आणि त्याच खड्ड्याच्या तळाशी ओतलं. त्या जागेवर चुना पसरला. कोंबड्या सकाळपासून टोपल्याखाली कोंडून ठेवायला सांगितल्या होत्या. उलटीतले दाणे टिपून कोंबड्या मेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

चुना आणि मीठ यावर गावात नेहमी चर्चा होते, इथंही झाली. बैल पुरताना खडेमीठ टाकायची रीत आहे, म्हणून कुणी पाच किलो मीठ घेऊन आलं. मिठानं कुजणं लांबतं आणि भोवतीची जमीन खारावते. चुन्यानं शरीर लवकर 'विरतं' ही समजूतही उलटी आहे, चुना कुजणं मंदावतो. त्याचा उपयोग वास दाबायला आणि साथीच्या रोगात जंतू रोखायला. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं अल्कलीत लवकर मोडतात, म्हणून तळाशी ओतलेल्या मातीवर आम्ही चुन्याचा पातळ थर दिला. कुत्र्याच्या अंगावर काही टाकलं नाही.

नातीला त्याला हात लावायचा होता. आई नको म्हणत होती. मी म्हटलं लावू द्या. विष तोंडावाटे गेलं होतं, तोंडाकडचा भाग गुंडाळून झाला होता, पाठीवरच्या केसांना काही नव्हतं. तिनं पाठीवरून हात फिरवला, मग हातपाय साबणानं धुतले. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलाला घालायची झेंडूची माळ तिनं त्याच्या अंगावर ठेवली. तिनं मला विचारलं, "काका, त्याले लय दुखलं का?" मी खरं सांगितलं, की हो, त्रास झाला, आणि आपण जेवढं करता येतं तेवढं केलं. मुलांना अशा वेळी 'देवाघरी झोपला' असं सांगून गप्प करण्यापेक्षा त्यांना खड्ड्याजवळ उभं राहू द्यावं, मूठभर माती टाकू द्यावी, असं माझं ठाम मत आहे. मुलं मोठ्यांपेक्षा सरळ रडतात.

माती परत टाकताना थोडी-थोडी तुडवत भरली. वर फूटभर उंच ढीग ठेवला, कारण आत पोकळी होते आणि पावसानं माती बसते. ढिगावर मोठे दगड, दगडांवर बाभळीच्या आणि बोरीच्या काटेरी फांद्या. तासाभराचं काम, पण गावाच्या बाहेरच्या बाजूला याशिवाय कुठलीही खोली पुरेशी नाही.

काकाजींना तिथं लगेच झाड लावायचं होतं. मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं, आणि लावायचं ते ढिगाच्या बाजूला, चार-पाच फूट अंतरावर. ताज्या जागेवर रोपाची मुळं कुजतात. साध्या मृत्यूत सीताफळ लावलं तरी हरकत नसते, बरडावर ते छान येतं. इथं मात्र खायचं काही नको म्हटलं. पळस ठरला.

पुढच्या आठवड्यांत दोनदा जाणं झालं. ढीग अपेक्षेप्रमाणं बसला होता, मुलानं वर माती टाकली. एका रात्री डुकरांनी दगडांच्या कडेला उकरून पाहिलं होतं, पण काट्यांच्या आत शिरली नव्हती. वास नाही, माशा नाहीत. काकाजी जागलीला जायचे बंद झाले होते. घरच्यांना वाटलं दोन दिवसांत सावरतील. त्यांना सावरायला वेळ लागणार होता, आणि 'कुत्र्यासाठी एवढं काय' असं कुणी त्यांना म्हणू नये, एवढं मी मुलाला स्पष्ट सांगून आलो.

गोळे ठेवणारा शेजारी तिसऱ्या दिवशी स्वतः आला. बोलणं कडू झालं, मारामारी झाली नाही. धुऱ्यावर उरलेले गोळे सुनेच्या आग्रहानं त्याच दिवशी वेचून, खोल पुरून टाकले गेले. मी तिथं नसतो तरी तिनं ते करून घेतलं असतं. डुकरांनी खाल्लेल्या पिकासाठी वनखात्याकडं नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो हे शेजाऱ्याला माहीत होतं, पण पंचनाम्याला उशीर होतो म्हणून त्यानं कधी केला नव्हता. या वेळी दोन्ही घरांनी मिळून अर्ज दिला. आणि ग्रामसभेपुढं काकाजींच्या मुलानं एक विषय ठेवला: गायरानातली बरडाची एक तुकडी, विहिरींपासून दूर, मेलेली जनावरं पुरायला राखून ठेवावी. अंगण असलेल्याला अंगण आहे, ज्याच्याकडं दोन खोल्यांपलीकडं जमीनच नाही त्यानं कुत्रं न्यायचं कुठं? विषय नोंदवला गेला आहे. जागेची पाहणी करायला ग्रामसेवकांनी मला बोलावलं आहे, आणि पाऊस उघडला की तिथंही आधी एक खड्डा घेऊन पाणी किती वर आहे ते पाहणार आहोत.